मीटरमध्ये सापडलेलं बीडचं घर

आमच्या घरात मोटारसायकलीचा मीटर सगळ्यात आधी कुणी वाचला असेल, तर तो मी. तेव्हापासून या घरात मला कुणी काही आधी वाचायला देत नाही. लग्नपत्रिकासुद्धा दुसरं कुणीतरी तपासतं आणि मग ती माझ्या हातात येते.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि माझ्या पायाला भिंगरी होती. (आता पायाला तेल असतं.) सासर चौसाळ्याचं, ऐन हमरस्त्यावर. पुढं किराणा-भुसाराचं दुकान, मागं घर, आणि बरोबर समोर मैलाचा दगड: बीड ३१. हा दगड माझा वैरी होता. गहू निवडताना मान वर केली की बीड ३१. केस पुसायला दारात आले की बीड ३१. एसट्या जायच्या, त्यांच्याही कपाळावर बीड. माझं माहेर दिंद्रुडचं. पण लग्नाआधी एक वर्ष मी बीडला मावशीकडं राहून कॉलेज केलं होतं. तेवढ्या एका वर्षात माझी खात्री पटली होती की देवानं मला शहरासाठी घडवलं आणि पाठवताना पत्ता चुकला.

त्यात ते दिवसच असे होते की कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. समोरच्या घरावर टीव्हीची भली मोठी छत्री बसली होती. सगळं जग कुठंतरी निघालंय आणि आपण एकट्या पाट्यावर लसणाची चटणी वाटत बसलोय, असं मला दिवसातून दहा वेळा वाटायचं.

मी ह्यांच्या मागं लागले होते, बीडला एक खोली बघा, तिथं आपलं दुकान काढू. हे म्हणायचे, "बगू." (जन्माला आले तेव्हाही हे रडले नसतील, "बगू" म्हणाले असतील.) ह्यांना "बगू"च्या पुढं जाता येत नव्हतं, कारण पुढं आत्याबाई बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तीस वर्षं एकाच चुलीपुढं बसलेल्या. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "माझ्या जित्तेपणी या घरात दुसरी चूल पेटायची न्हाई." सासरे, म्हणजे मामा, या वाक्याला मान हलवायचे आणि तराजू पुसायला लागायचे.

अशात घरात मोटारसायकल आली. शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा. अर्ध्या चौसाळ्यानं येऊन तिला हात लावला. आत्याबाईंनी पूजा केली. मामांनी हँडलला भस्माचे तीन पट्टे ओढले, आणि आत्याबाईंनी कुंकवाची जी मूठ उधळली ती बरोबर मीटरच्या काचेवर बसली. गाडीबरोबर एक माहितीपुस्तक आलं होतं. मामांना कागदाचा फार आदर. त्यांनी त्या पुस्तकालाही हळद-कुंकू वाहिलं आणि ते देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवून दिलं. गाडी कशी चालवायची ते ह्यांनी मित्राकडून शिकून घेतलं, आणि पुस्तक रोज एक फूल घेत देवघरात बसून राहिलं.

गाडी पुसायचं काम माझ्याकडं आलं. ती बसायची मागच्या ओसरीत, आणि किल्ली बहुतेक वेळा तिलाच लटकलेली. मी आठ दिवस नुसती पुसली. नवव्या दिवशी किल्ली फिरवली. मीटरमध्ये एक हिरवा दिवा लागला. किल्ली बंद, दिवा बंद. पुन्हा चालू, पुन्हा हिरवा. मग डाव्या मुठीपाशी एक बटण ढकललं तर मीटरात पिवळा दिवा डोळा मिचकावायला लागला. मी बटण दुसरीकडं ढकललं, तो तरीही मिचकावतच राहिला. तेवढ्यात आत्याबाईंची हाक आली, "काय करायलीस गं तिथं?" मी म्हणाले, "धूळ लई हाय, आत्या."

पुढचे काही दिवस त्या गाडीवर इतकी धूळ बसत होती की विचारू नका. आणि अशाच एका धुळीत मला ती घुंडी सापडली.

मीटरच्या बाजूला, हात घालून चाचपल्याशिवाय कळणार नाही अशी, बोराएवढी काळी घुंडी. मीटरमध्ये आकड्यांच्या दोन ओळी होत्या. वरची ओळ मोठी, ती गाडी आल्यापासून वाढतच होती. खालची लहान, चार घरांची. घुंडी फिरवली की खालचे आकडे गरगर फिरायचे आणि सगळी शून्यं व्हायची. ह्यांना हे ठाऊक नव्हतं. मित्राला ठाऊक नव्हतं. अख्ख्या घरात ते फक्त मला ठाऊक होतं. पाचशे माणसांच्या गावजेवणात आपल्याला एकटीलाच तूप कुठं ठेवलंय ते कळावं, तसं मला झालं.

खालच्या ओळीतला शेवटचा आकडा लाल होता. बाकीचे काळ्यावर पांढरे, हा एकटाच लाल. तो लाल का असावा, हा प्रश्न मला पडला होता. उत्तरही लगेच सापडलं: आत्याबाईंचं कुंकू. काचेच्या फटीतून आत झिरपलं असणार. घरात तेव्हा कुंकू कशात झिरपलं नव्हतं? पिठात होतं, तेलात होतं, माझ्या कॉलेजच्या दाखल्यावर होतं. मी बाहेरून काच घासून बघितली, लाल जाईना. सोडून दिलं.

हे रोज सकाळी सहाला गाडी घेऊन शेताला पाणी द्यायला जायचे आणि नऊला परत यायचे. एका संध्याकाळी मी घुंडी फिरवून शून्य करून ठेवलं. सहज, गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी हे शेतातून आले, आंघोळीला गेले, आणि मी फडकं घेऊन ओसरीत गेले. मीटरवर आकडा होता शून्य शून्य सहा दोन. बासष्ट.

मी तशीच दारात येऊन समोरचा दगड बघितला. एकतीस. जायचे एकतीस, यायचे एकतीस. माझं गणित कॉलेजात कच्चं होतं, पण इतकं कच्चं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, बाई, शेत किती लांब ते विचारायचं की. विचारलं होतं. आमच्याकडं शेत किलोमीटरवर नसतं. शेत एका कोसावर होतं, मामांच्या आजोबांपासून एका कोसावरच होतं. किलोमीटर हे सडकेचे, कोस शेताचे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं या घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्या मनात एवढंच आलं की शेत तर हे इथं शेजारी, आणि गाडी पळतीय बासष्ट.

मग रोज संध्याकाळी मी घुंडी फिरवून शून्य करून ठेवायला लागले. दुसऱ्या दिवशी बासष्ट. तिसऱ्या दिवशी त्रेसष्ट. (गल्लीबोळात शिरले असतील.) आमचे हे रोज पहाटे शेताच्या नावाखाली बीडला जात होते.

एखादीच्या डोक्यात नको तो संशय आला असता. माझ्या डोक्यात तसलं काही आलं नाही. मला त्याहून मोठा रोग होता, मला आशा होती. हे गुपचूप माझ्यासाठी बीडला घर शोधतायत! आईच्या धाकानं बोलत नाहीत, पण शोधतायत. त्याच आठवड्यात जेवताना ह्यांनी विचारलं होतं, "तुला वाळवणाला गच्ची लागंल का गं?" बकऱ्या माझे पापड खायच्या म्हणून आमच्याच माळवदाला शिडी लावायचा त्यांचा विचार होता, हे मला पुढं कळलं. तेव्हा मला डोळ्यांपुढं बीडमधली दुसऱ्या मजल्यावरची गच्ची दिसली, दोरीवर वाळणाऱ्या माझ्या साड्यांसकट. मी लाजून म्हणाले, "लागंल की."

मध्ये एकदा हे खरोखरच बीडला गेले, दुकानाचा माल सांगायला. सगळ्यांना सांगून गेले. त्या दिवशी मीटरवर सहाशे सत्तावीस आले. आता सहाशे सत्तावीस किलोमीटर म्हणजे माणूस मुंबई ओलांडून समुद्रात पोचतो, आणि हे तर दुपारच्या जेवणाला घरी होते. शहाण्या बाईनं इथं थांबून विचार केला असता. मीही केला. मी असा विचार केला की रोज बीडला पळवून पळवून बिचारा मीटर गरम झालाय.

मी बांधाबांध सुरू केली. आधी लग्नातली तांब्या-भांडी पोत्यात गेली, मग लुगड्यांचं गाठोडं झालं. आत्याबाईंनी विचारलं तर झुरळं झाली म्हणून सांगितलं. पण मनात गोष्ट ठेवायची म्हणजे माझ्या पोटात दुखतं. ह्यांना विचारता येत नव्हतं, त्यांचा आनंद जाईल म्हणून. शेवटी मी अण्णांना, माझ्या वडिलांना, दिंद्रुडला पत्र टाकलं. पत्रात लिहिलं की आमचं बीडला ठरलं, जागा बघून झाली, गच्ची आहे, पुढच्या महिन्यात वेगळा संसार मांडतो आहोत, आशीर्वाद असावा. "ठरलं" हा शब्द मी दोनदा लिहिला. गच्चीखाली रेघ ओढली.

मी आशीर्वाद मागितला होता. अण्णांनी टेम्पो पाठवला.

आमच्याकडं लेक वेगळी निघाली की तिच्या नव्या घरात पहिलं सामान माहेरचं जातं. अण्णांनी यात काही कसूर ठेवली नाही. बाजाराचा दिवस, दुकानापुढं ही गर्दी, आणि टेम्पो येऊन थांबला. पुढं ड्रायव्हरशेजारी फेटा बांधलेले अण्णा. मागं लोखंडी कपाट, नवी कॉट, गादी, मिक्सर, कुकर आणि गॅसची शेगडी टाकीसकट. त्या गॅससाठी अण्णांनी तीन वर्षं नंबर लावला होता, आणि नंबर लागल्यावर माझ्या आईला चुलीपुढंच ठेवून तो त्यांनी मला आणला होता. हे आठवलं की मला अजूनही हसता हसता थांबावं लागतं.

अण्णा खाली उतरले, मामांना रामराम केला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सामान हितं उतरू का सरळ बीडाला नेऊ, व्याही? घर कोण्या गल्लीत घेतलं?"

मामा कुणाची तरी पावशेर साखर तोलत होते. ती तशीच तराजूत राहिली. आत्याबाई सूप घेऊन आतून आल्या. त्यांनी टेम्पो बघितला, कपाट बघितलं, मग मला बघितलं. मी पदराचं टोक बघत होते.

ओसरीत बैठक बसली. बैठक म्हणजे घरातली माणसं आत आणि साखर न घेता थांबलेलं गिऱ्हाईक दारात. ह्यांना गोदामातून बोलावलं. हे डोक्यावर पिठाचा पांढरा थर घेऊन आले आणि म्हणाले, मी कुठलंही घर बघितलेलं नाही. अण्णांनी खिशातून माझं पत्र काढून गच्चीखालची रेघ दाखवली.

आत्याबाई ह्यांच्याकडं वळल्या. "शिवा, आईला सांगून गेला असतास तर म्या काय आडवी पडले असते?"

पडल्या असत्या. पण हे तेव्हा कोण बोलणार?

"आई, म्या रोज शेतात जातो," हे म्हणाले.

आता माझी वेळ आली होती. नवरा आईपुढं घाबरून कबूल होत नाही, त्याला आपणच धीर द्यायला हवा, असं मला मनापासून वाटलं. मी पदर खोचला आणि म्हणाले, "आहो, आता कावून लपवायलाव? मला सगळं ठाऊक हाय. तीन आठवडे झाले, रोज मीटरात येतंय."

सगळी बैठक उठून गाडीपाशी आली. त्या दिवशीची शेताची फेरी मीटरवर होतीच. शून्य शून्य सहा दोन. मी घुंडी दाखवली, बासष्ट दाखवले, मग दारात येऊन बोट लांब करून समोरचा दगड दाखवला. तीस पोरांच्या वर्गात फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या मास्तरणीसारखी मी एकतीस दुणे बासष्ट करून दाखवलं. दारातल्या गिऱ्हाइकांत कौतुकाची कुजबुज झाली.

मामा जन्मभर तराजूवर बसलेला माणूस. त्यांनी वाकून मीटर बघितला, पुन्हा बघितला. मुलाच्या शब्दावर त्यांचा विश्वास असेल-नसेल, आकड्यावर होता. ते जड आवाजात म्हणाले, "शिवा, आकडा हाय बाबा."

ह्यांनी मीटरकडं बघितलं. कपाळ पुसलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव आला की आपण खरंच रोज बीडला जातो की काय, आणि जातो तर तिथं करतो काय. "शेतातच गेलतो," ते म्हणाले, पण आता त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता.

आत्याबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "एकुलत्या एका लेकानं तीन आठवडे माझ्याशी खोटं बोलावं," आणि सूप उलटं करून बाजूला ठेवलं. बीड मला हवं होतं. पण ह्या बाईचं तोंड असं झालेलं मला नको होतं. मात्र आता माघार कशी घेणार? आकडा माझाच होता.

गर्दीत समोरच्या गॅरेजचा सत्तार मेस्त्री होता. टेम्पो बिघडला असेल या आशेनं आला होता. त्यानं पुढं होऊन मीटर बघितला, मग माझ्याकडं बघितलं, आणि फार अदबीनं विचारलं, "वहिनी, ह्यो लाल आकडा तुमी कशात धरला?"

मी म्हणाले, "ते कुंकू हाय."

"कुंकू न्हाई वहिनी. लाल घर किलोमीटरचं न्हाईच. एका किलोमीटरचे दहा तुकडे करा, त्यातला एक त्यो. तुमचे बासष्ट न्हाईत. सहा हायती, आन् वर दोन तुकडे."

मग मामा म्हणाले, असं तोंडी चालणार नाही. ते स्वतः मेस्त्रीमागं गाडीवर बसले, घुंडी माझ्याकडून फिरवून घेतली, आणि दोघं बीड ३१ च्या दगडापासून बीड ३० च्या दगडापर्यंत जाऊन परत आले. मीटरवर शून्य शून्य दोन शून्य. मी म्हणाले असते वीस. मामा उतरले आणि देवघरात गेले. पोथीखालचं पुस्तक काढून आणलं. त्यात मीटरचं चित्र होतं, लाल घराला बाण होता, बाणापुढं सगळं लिहिलेलं होतं. फक्त ते पान हळदीनं शेजारच्या पानाला चिकटलं होतं. आपलं शेत तीन किलोमीटर आणि एक तुकडा एवढ्यावर आहे, हे आमच्या घराला तीन पिढ्यांनंतर त्या दुपारी कळलं.

हे हसायला लागले, बाजार हसायला लागला, मेस्त्री तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. अण्णा मात्र हसले नाहीत. ते टेम्पोपाशी उभे राहिले, कारण आता सामानाचं काय? लेकीच्या नावानं घरातून निघालेलं सामान माघारी न्यायची आमच्याकडं रीत नाही. आणि ठेवायचं तर कुठं? मी म्हणाले, "अण्णा, चुकलं." अण्णा म्हणाले, "चुकलं तर चुकलं, पण गादी उन्हात हाय." गादी आधी उतरली, मग सगळंच उतरलं.

आत्याबाई अजून खालीच बसलेल्या होत्या. मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होते. त्या उठल्या आणि माझ्या बाजूनं सरळ शेगडीपाशी गेल्या.

"ही पेटवून दाव," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरनं टाकी जोडली, मी काडी ओढली. निळी ज्योत गोल उभी राहिली. आत्याबाईंनी वाकून तिचा वास घेतला. धूर नव्हता. त्यांनी बंद करायला लावली, चालू करायला लावली, पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग कॉटवर बसून गादी दाबून बघितली. मिक्सरचं झाकण उघडून आत बघितलं. कपाटाच्या आरशात आपला चेहरा जरा वेळ न्याहाळला. आणि मग निर्णय दिला.

"येगळी चूल मांडायचा नाद होता न्हवं तुला? मांडू. मी आन् तुझे मामा मागल्या खोलीत येगळे निघतो. लई वर्सं धूर गिळला. पुढलं घर, चूल, म्हशी आन् दुकानाचा चहा आता तू बग."

मामांनी मान हलवली आणि ते तराजू पुसायला गेले नाहीत. गादी उचलायला गेले.

त्याच संध्याकाळी मी अण्णा, ड्रायव्हर आणि दुकानातले गडी धरून आठ माणसांच्या भाकरी घेऊन त्या जुन्या चुलीपुढं बसले. फुंकणीनं फुंकून डोळे लाल झाले होते. मागच्या खोलीतून मिक्सरची घरघर आली, कुकरची शिट्टी झाली, आणि आत्याबाई दाराशी येऊन मायेनं म्हणाल्या, "शकुंतला, चटणी लई बारीक व्हती गं यात. तुला देऊ का वाटीभर?"

लेकीचा संसार मांडून देणारे बाप गावोगावी सापडतील. लेकीच्या सासूचा संसार मांडून देणारे माझे अण्णा एकटेच, आणि तो पत्र पाठवून, गच्चीखाली रेघ ओढून, मागवून घेणारी मीही एकटीच.